उच्च रक्तदाब: अचूक मोजणी, पक्के निदान आणि न सोडता करायचे उपचार

उच्च रक्तदाबाच्या बाबतीत दोन चुका पुन्हा पुन्हा घडताना दिसतात. घाईगडबडीत घेतलेल्या एकाच नोंदीवरून एखाद्याला कायमच्या गोळ्या सुरू होतात, ही एक. आणि गोळ्यांमुळे आकडा खाली आला की ‘आता बीपी नॉर्मल आहे’ असे म्हणून त्या परस्पर बंद केल्या जातात, ही दुसरी. दुसरी चूक माझ्या वडिलांनी केली. आठ महिने रक्तदाब व्यवस्थित राहिल्याचे पाहून त्यांनी गोळी सोडली, घरात कोणाला सांगितले नाही, आणि काही आठवड्यांनी एका सकाळी त्यांच्या उजव्या हातातला पेला आपोआप निसटला. पक्षाघाताचा झटका सौम्य होता, तरी त्यांची करंगळी आजही पूर्ण मिटत नाही. तेव्हापासून आमच्या घरी रक्तदाब मोजण्याची आणि लिहून ठेवण्याची शिस्त आली, आणि या विषयातले बहुतेक गैरसमज किती साध्या गोष्टींपाशी सुरू होतात हेही कळले. पुढे दिलेला क्रम त्याच अनुभवातून आणि वैद्यकीय मार्गदर्शक सूचनांच्या आधारे मांडला आहे. औषधांची नावे माहिती म्हणून दिली आहेत; कोणते औषध आणि किती मात्रेत घ्यायचे, हे तपासणी करणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

दोन आकड्यांचा अर्थ

रक्तदाब मिलिमीटर पारा या एककात मोजतात आणि दोन आकड्यांत लिहितात. हृदय आकुंचन पावून रक्त बाहेर ढकलते त्या क्षणी धमन्यांच्या भिंतीवर पडणारा दाब म्हणजे वरचा आकडा, आणि दोन ठोक्यांच्या मधे हृदय सैल पडलेले असताना उरणारा दाब म्हणजे खालचा आकडा. दंडाला बांधायच्या हवेच्या पट्ट्याने दाब मोजण्याची पद्धत इटलीतील शिपिओने रिव्हा-रोची यांनी १८९६ मध्ये मांडली, आणि स्टेथोस्कोपने आवाज ऐकून दोन्ही आकडे ठरवण्याची रीत रशियन शल्यचिकित्सक निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी १९०५ मध्ये सांगितली. सव्वाशे वर्षांत यंत्रे बदलली, पण पट्टा मात्र तोच राहिला.

वाढलेला रक्तदाब बहुधा काहीच जाणवू देत नाही. डोके दुखणे, चक्कर येणे, चेहरा लाल होणे यांवरून रक्तदाबाचा अंदाज बांधणारे लोक बहुतेक वेळा चुकतात, आणि ‘मला काही त्रास नाही’ हे वाक्य तर या विकारात अजिबात आधार धरण्याजोगे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या आकडेवारीनुसार ३० ते ७९ वयोगटातील सुमारे १२८ कोटी लोकांना उच्च रक्तदाब होता आणि त्यांतल्या जवळपास निम्म्यांना त्याची कल्पनाही नव्हती. दरम्यान नुकसान चालूच असते. सुमारे दहा लाख प्रौढांच्या माहितीवर आधारलेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात असे दिसले, की ४० ते ६९ या वयात ११५/७५ च्या पुढे वरचा आकडा दर २० ने किंवा खालचा दर १० ने वाढला, की पक्षाघाताने अथवा हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका साधारण दुप्पट होतो.

वाढत्या आकड्याकडे पाहत राहण्यापलीकडे काही करता येत नसे, तो काळही फार जुना नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रुझवेल्ट यांचा रक्तदाब १९३७ मध्ये १६२/९८ होता, १९४१ मध्ये तो १८८/१०५ झाला, आणि १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन त्यांचे निधन झाले त्या दिवशी तो ३०० च्या वर नोंदला गेला होता. जगातल्या सर्वांत सामर्थ्यवान माणसालाही तेव्हा जे मिळू शकले नाही, ते औषध आज जवळजवळ प्रत्येक औषधाच्या दुकानात मिळते. म्हणूनच ते न घेतल्यामुळे होणारी हानी मला अधिक अस्वस्थ करते.

पहिली पायरी: मोजणी बिनचूक करणे

निदानाची सगळी इमारत या पायरीवर उभी असते, त्यामुळे इथे वेळ द्यावा. रक्तदाब मोजण्यापूर्वीच्या अर्ध्या तासात चहा-कॉफी, धूम्रपान आणि व्यायाम टाळावा. लघवीला जाऊन यावे, कारण मूत्राशय भरलेले असताना आकडा वर जातो. त्यानंतर पाठ टेकून, दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट ठेवून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटे शांत बसावे. ही पाच मिनिटे सर्वांत जास्त वेळा वगळली जातात. जिना चढून आलेल्या, धाप लागलेल्या माणसाच्या दंडाला लगेच पट्टा बांधला, तर यंत्र जिन्याचा रक्तदाब सांगते.

पट्टा उघड्या दंडावर बांधावा. बाही वर सरकवून तिची घट्ट गुंडाळी दंडावर ठेवणेही चुकीचे, कारण ती स्वतःच रक्तप्रवाह दाबते. अशा वेळी हात बाहीतून काढून घ्यावा. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीपासून दोन ते तीन सेंटिमीटर वर असावी, पट्ट्यावरची धमनीची खूण कोपराच्या आतल्या बाजूला यावी, आणि बांधल्यावर पट्ट्याखाली एक-दोन बोटे जातील इतपतच तो घट्ट असावा. हात टेबलावर किंवा उशीवर असा ठेवावा, की पट्टा छातीच्या मध्याच्या, म्हणजे हृदयाच्या पातळीवर येईल. हात मांडीवर लोंबता राहिला तर प्रत्येक दहा सेंटिमीटरमागे आकडा सात-आठ मिलिमीटरने जास्त येतो. मोजणी चालू असताना बोलू नये आणि दुसऱ्यानेही बोलायला लावू नये, ‘कसे वाटते?’ या आपुलकीच्या प्रश्नाला दिलेल्या उत्तरानेही वरचा आकडा दहापर्यंत चढू शकतो.

पट्ट्याचे माप हा वेगळा विषय आहे आणि तो फारसा कोणी विचारात घेत नाही. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर शिंप्याच्या टेपने दंडाचा घेर मोजावा. घरगुती यंत्रांबरोबर येणारा नेहमीचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो, आणि नेमकी मर्यादा पट्ट्यावरच छापलेली असते. दंड त्याहून जाड असेल तर मोठा पट्टा घ्यावाच लागतो, कारण लहान पट्टा रक्तदाब खोटा वाढवून दाखवतो. थोड्या फरकाने पाचेक मिलिमीटरची, तर खूप जाड दंडाला नेहमीचा पट्टा लावल्यास वीसेक मिलिमीटरचीही चूक होऊ शकते. एवढ्या चुकीवर निरोगी माणूस रुग्ण ठरतो. उलट, सडपातळ दंडाला मोठा पट्टा बांधला तर आकडा खोटा कमी येतो आणि खरा रुग्ण सुटून जातो.

यंत्र घेताना दंडाचे, आपोआप फुगणारे आणि अचूकतेची स्वतंत्र चाचणी झालेले मॉडेल निवडावे. मनगटाची यंत्रे हाताच्या स्थितीनुसार फार बदलते आकडे देतात, म्हणून दंडाला पट्टा बसणे शक्यच नसेल तेव्हाच ती वापरावीत. पट्ट्याशिवाय बोटावरून किंवा घड्याळातून रक्तदाब सांगणाऱ्या उपकरणांवर निदान किंवा औषधाची मात्रा ठरवू नये. नाडी अनियमित असणाऱ्यांच्या बाबतीत स्वयंचलित यंत्रांचे आकडे एकमेकांपासून बरेच दूर येतात. त्यांनी लागोपाठ तीन नोंदी घेऊन सरासरी काढावी आणि अनियमित नाडीबद्दल डॉक्टरांना अवश्य सांगावे, कारण ते हृदयाच्या वेगळ्या विकाराचेही लक्षण असू शकते.

पहिल्या भेटीत दोन्ही दंडांवर मोजणी झाली पाहिजे. थोडा फरक स्वाभाविक असतो आणि पुढे नेहमी जास्त आकडा येणारा हात वापरायचा असतो. परंतु वरच्या आकड्यातला फरक वारंवार १५-२० च्या पुढे जात असेल तर हाताकडे जाणाऱ्या धमनीत अडथळा आहे का, हे तपासावे लागते. वयस्कर व्यक्ती, मधुमेही आणि उभे राहिल्यावर चक्कर येणारे यांचा रक्तदाब उभे राहिल्यानंतर एक आणि तीन मिनिटांनीही मोजावा. उभे राहताच वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल, तर उपचार देताना पडण्याचा धोका लक्षात घ्यावा लागतो.

दुसरी पायरी: घरचा आठवडा

दवाखान्यातील वातावरणाने काहींचा रक्तदाब चढतो आणि घरी तो सामान्य असतो. याच्या अगदी उलट, दवाखान्यात सामान्य पण घरी आणि कामावर वाढलेला, असाही प्रकार असतो. तो छुपा असल्याने अधिक धोकादायक ठरतो. दोन्हींचा उलगडा घरच्या नोंदींतूनच होतो. पद्धत अशी आहे: सलग सात दिवस, सकाळी लघवीला जाऊन आल्यावर पण नाश्ता आणि गोळी घेण्यापूर्वी दोन नोंदी, आणि रात्री झोपण्यापूर्वी दोन नोंदी घ्याव्यात. दोन नोंदींत एक मिनिटाचे अंतर ठेवावे. पहिल्या दिवसाच्या नोंदी सोडून द्याव्यात, कारण नव्या यंत्राची धास्ती त्यांत मिसळलेली असते, आणि उरलेल्या सहा दिवसांच्या २४ नोंदींची सरासरी काढावी.

आकडा यंत्रावर दिसेल तसाच लिहावा. १३७ चे १४० करणे किंवा जास्त आलेली नोंद ‘ही चुकीची असणार’ म्हणून गाळणे, या दोन्ही सवयी निदान बिघडवतात. एक उदाहरण घेऊ. दवाखान्यात १५४/९६ आलेल्या एका व्यक्तीच्या सकाळच्या १२ नोंदींची सरासरी १४२/८९ आणि रात्रीच्या १२ नोंदींची सरासरी १३२/८३ आली. एकूण सरासरी १३७/८६. या व्यक्तीने सोयीचे म्हणून फक्त रात्रीच मोजले असते तर ‘घरी सगळे ठीक असते’ असा निष्कर्ष निघाला असता, आणि फक्त दवाखान्यातला आकडा धरला असता तर आजार आहे त्याहून गंभीर वाटला असता. खरे चित्र या दोन्हींच्या मधे होते, आणि ते वहीच्या एका पानावर उतरले.

घरच्या नोंदींसाठी उंबरठा १३५/८५ धरला जातो, दवाखान्यातील १४०/९० नव्हे, हे ध्यानात ठेवावे. घरी १३८ आले म्हणजे ‘१४० च्या आत’ असे समाधान मानणाऱ्यांची संख्या मोठी आहे. शंका उरलीच तर २४ तास दंडाला लावून ठेवायच्या यंत्राने दर वीस-तीस मिनिटांनी, झोपेतही, नोंदी घेतल्या जातात. त्यात पूर्ण दिवसाची सरासरी १३०/८० किंवा त्याहून जास्त आली तर निदान पक्के होते. झोपेत रक्तदाब उतरायला हवा असतो. तो उतरत नसल्यास धोका अधिक असतो आणि झोपेत श्वास अडकण्याच्या विकाराचा शोध घ्यावा लागतो.

तिसरी पायरी: निदान पक्के करणे

वेगवेगळ्या दिवशी, नीट घेतलेल्या नोंदींत दवाखान्यातील सरासरी १४०/९० किंवा अधिक असेल, तर उच्च रक्तदाब आहे असे जागतिक आरोग्य संघटना आणि युरोपातील तज्ज्ञ संस्था मानतात. अमेरिकेतील हृदयरोग संस्थांनी २०१७ मध्ये हा उंबरठा १३०/८० वर आणला. रेषा कुठे ओढायची यावर मतभेद असले, तरी १३० ते १३९ हा पट्टा निर्धास्त राहण्याचा नाही यावर एकमत आहे. दोन्हींपैकी कोणताही एक आकडा वाढलेला असला तरी निदान होते. उतारवयात खालचा ७० आणि वरचा १६० असा प्रकार नेहमी आढळतो, आणि ‘खालचा तर चांगला आहे’ म्हणून त्याकडे दुर्लक्ष करणे घातक ठरते.

प्रत्येक वेळी थांबून वाट पाहायची नसते. रक्तदाब १८०/१२० च्या आसपास किंवा वर असून छातीत दुखणे, धाप लागणे, हात-पाय किंवा चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणे, बोलणे अडखळणे, नजर अंधुक होणे किंवा गोंधळल्यासारखे होणे यांपैकी काही असेल, तर एक मिनिटही न दवडता तातडीच्या विभागात जावे. तेवढाच आकडा असून कोणताही त्रास नसेल तर शांत बसून थोड्या वेळाने पुन्हा मोजावे, आणि तो तसाच राहिल्यास त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे. या घाईत निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली ठेवण्याचा जुना उपाय मुळीच करू नये. रक्तदाब एकदम कोसळून मेंदूचा आणि हृदयाचा रक्तपुरवठा तुटल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत.

गरोदरपणाचे नियम वेगळे आहेत. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० झाला तर लघवीतील प्रथिने, प्लेटलेट्स आणि यकृत-मूत्रपिंडाच्या तपासण्या लगेच कराव्या लागतात, आणि १६०/११० ही आणीबाणी समजली जाते. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणे, बरगड्यांखाली वरच्या पोटात दुखणे ही लक्षणे दिसल्यास पुढच्या ठरलेल्या तपासणीची वाट पाहू नये.

चौथी पायरी: तपासण्या आणि कारणाचा शोध

निदानानंतरच्या तपासण्यांचे दोन हेतू असतात: अवयवांना इजा झाली आहे का ते पाहणे, आणि मागे एखादे वेगळे कारण दडले आहे का ते शोधणे. लघवीतील अल्ब्युमिन हे प्रथिन, रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम मंदावले की वाढणारा घटक), सोडियम आणि पोटॅशियम, साखर, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी एवढ्या तपासण्या बहुतेकांना पुरतात. त्यांतली लघवीची तपासणी अतिशय साधी असूनही सर्वांत जास्त वेळा राहून जाते. मूत्रपिंडाला होणारी इजा क्रिएटिनिन वाढण्याच्या बरीच आधी तिच्यात दिसू लागते. डोळ्यांच्या पडद्याची तपासणीही करून घ्यावी, विशेषतः रक्तदाब खूप वाढलेला असल्यास किंवा सोबत मधुमेह असल्यास.

बहुसंख्य रुग्णांत एकच एक कारण सापडत नाही; आनुवंशिकता, वय, वजन, मीठ आणि बैठे जीवन यांचा तो एकत्रित परिणाम असतो. मात्र वय चाळिशीच्या आत आहे, रक्तदाब अचानक वाढला आहे, तीन औषधांनीही तो उतरत नाही किंवा रक्तातील पोटॅशियम कमी आहे, अशा वेळी कारणाचा शोध कसून घ्यायला हवा. मूत्रपिंडाचे विकार, मूत्रपिंडाकडे जाणारी धमनी अरुंद होणे, मूत्रपिंडांवर असलेल्या अधिवृक्क ग्रंथीतून अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक जास्त स्रवणे, थायरॉइडचे विकार आणि झोपेत श्वास अडकणे ही त्यांतली प्रमुख कारणे. अल्डोस्टेरॉनचा विकार समजला जातो तितका दुर्मीळ नाही, आणि पोटॅशियम सामान्य असले तरी तो असू शकतो.

याहून आधी एक सोपे काम करावे: आपण घेतो ती सगळी औषधे एका कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवावीत. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या, सर्दीवर नाक मोकळे करणारी औषधे, स्टेरॉइड, काही गर्भनिरोधक गोळ्या आणि ज्येष्ठमध असलेली औषधे रक्तदाब वाढवतात. गुडघेदुखीसाठी रोज घेतली जाणारी गोळी रक्तदाबाच्या गोळीचा परिणाम पुसून टाकत असते आणि रुग्णाला वाटते, की रक्तदाबाचे औषधच लागू पडत नाही.

पाचवी पायरी: राहणीमानातील बदल

हे बदल औषधाला पर्याय म्हणून किंवा औषधापूर्वीची औपचारिकता म्हणून पाहू नयेत; ते उपचारच आहेत आणि गोळ्या सुरू झाल्यावरही चालू ठेवायचे असतात. सर्वांत मोठा वाटा मिठाचा. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाची, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा भरेल त्याहून कमी, अशी आहे, आणि त्यात दिवसभरातले सगळे मीठ आले: शिजवताना घातलेले, वरून घेतलेले आणि तयार पदार्थांतून नकळत आलेले. पाकिटावर मिठाऐवजी सोडियम लिहिलेले असते. त्याला अडीचने गुणले की मीठ कळते. १०० ग्रॅममध्ये ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ, अर्थात दिवसाच्या मर्यादेतला चाळीस टक्के भाग १०० ग्रॅमच्या एकाच पाकिटात. मीठ हळूहळू कमी करावे. काही आठवड्यांत जीभ बदलते आणि पूर्वीचे पदार्थ खारट लागू लागतात.

काही सोडियम काढून त्याजागी पोटॅशियम घातलेले मीठ उपयोगी पडते. चीनमध्ये झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत अशा मिठामुळे पक्षाघाताचे प्रमाण सुमारे १४ टक्क्यांनी घटले. परंतु मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आणि पोटॅशियम वाढवणारी औषधे घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना न विचारता वापरू नये, कारण रक्तात पोटॅशियम वाढले तर हृदयाची लय बिघडते.

वजन जास्त असल्यास घटलेल्या दर किलोमागे वरचा आकडा साधारण एका मिलिमीटरने उतरतो. आठवड्यातून किमान १५० मिनिटे भराभर चालणे किंवा तत्सम व्यायाम, जेवणात भाज्या, फळे आणि डाळींचे प्रमाण वाढवणे आणि मद्य टाळणे यांचाही प्रत्येकी काही मिलिमीटरचा परिणाम मिळतो. तंबाखू सोडल्याने रक्तदाब फार उतरेल असे नाही, पण हृदयविकाराचा धोका इतका कमी होतो, की तंबाखू चालू ठेवून रक्तदाबावर उपचार करणे म्हणजे एका हाताने पाणी उपसून दुसऱ्या हाताने ओतणे होय.

सहावी पायरी: औषधे

निदान पक्के झालेले असून रक्तदाब १४०/९० किंवा वर असल्यास राहणीमानातील बदलांसोबत औषधे सुरू करतात. १३० ते १३९ या पट्ट्यातही हृदयविकार, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर औषधांचा विचार होतो. इतरांना आधी तीन ते सहा महिने राहणीमान बदलण्याची संधी देता येते.

सुरुवातीला वापरायचे मुख्य गट तीन आहेत. अम्लोडिपिनसारखी कॅल्शियमचा मार्ग रोखणारी औषधे धमन्या सैल करतात. त्यांनी काहींच्या घोट्यांवर सूज येते, जी मूत्रपिंड बिघडल्याची खूण नसून औषधाचाच परिणाम असते. एनालाप्रिल, रामिप्रिल आणि त्यांच्याशी साधर्म्य असलेली लोसार्टन, टेल्मिसार्टन ही औषधे धमन्या आकसवणाऱ्या संप्रेरकाचा प्रभाव रोखतात, आणि लघवीतून प्रथिने जाणाऱ्यांना त्यांचा विशेष लाभ होतो. या गटातल्या पहिल्या दोघांनी कोरडा खोकला येऊ शकतो, तो ‘सार्टन’ने बहुधा येत नाही. ओठ किंवा जीभ सुजल्यास मात्र औषध तत्काळ थांबवून रुग्णालय गाठावे. गरोदरपणात हा सगळा गट वर्ज्य आहे, म्हणून मूल होण्याचा विचार असलेल्या स्त्रियांनी ते आधीच सांगायला हवे. तिसरा गट लघवीवाटे मीठ बाहेर टाकणाऱ्या क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड, हायड्रोक्लोरोथायझाइड या औषधांचा. त्यांनी सोडियम आणि पोटॅशियम कमी होऊ शकते, आणि वृद्ध व्यक्तीला नव्याने ग्लानी किंवा गोंधळ वाटू लागल्यास सोडियम तपासून घ्यावे. बीटा-ब्लॉकर गटातील औषधे हृदयविकार, हृदयाची अनियमित लय अशा विशिष्ट कारणांसाठी दिली जातात. ती अचानक बंद केल्यास रक्तदाब आणि नाडी उसळून वर जाऊ शकतात.

रुग्णांना खटकणारी एक गोष्ट म्हणजे सुरुवातीलाच दोन औषधे मिळणे. ‘माझा आजार इतका वाढला आहे का?’ असे अनेकांना वाटते. वस्तुस्थिती अशी, की एका औषधाची मात्रा दुप्पट केल्याने परिणाम थोडाच वाढतो आणि दुष्परिणाम मात्र वाढतात, तर वेगळ्या गटातील दुसरे औषध कमी मात्रेत जोडल्याने रक्तदाब कितीतरी अधिक उतरतो. दोन्ही औषधे एकाच गोळीत असली तर विसरण्याचे प्रमाणही घटते. फक्त ‘प्रिल’ आणि ‘सार्टन’ एकत्र घ्यायचे नसतात. लाभ न वाढता मूत्रपिंडाला इजा आणि पोटॅशियममध्ये वाढ होते.

गोळी सकाळी घ्यावी की रात्री, यावर बराच वाद झाला. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वीस हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत हृदयविकार आणि पक्षाघात यांच्या प्रमाणात फरक आढळला नाही. म्हणून जी वेळ विसरली जाणार नाही ती निवडावी. लघवी वाढवणारी गोळी मात्र सकाळी घेणे सोयीचे असते.

किती खाली आणायचे, हा पुढचा प्रश्न. किमान १४०/९० च्या आत सर्वांनी यायला हवे, आणि सोसत असेल तर बहुतेकांसाठी १३०/८० च्या आतले लक्ष्य ठेवतात. अमेरिकेत मधुमेह नसलेल्या पण हृदयविकाराचा धोका अधिक असलेल्या ९,३६१ जणांवर झालेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वरचा आकडा १४० ऐवजी १२० च्या आत आणण्याचे लक्ष्य ठेवलेल्या गटात हृदयविकाराच्या गंभीर घटना सुमारे एक चतुर्थांशाने घटल्या. मात्र त्याच गटात रक्तदाब फार उतरणे, भोवळ येणे आणि मूत्रपिंडाला इजा हे त्रासही जास्त झाले. वय हा उपचार नाकारण्याचा आधार होऊ शकत नाही. ऐंशी वर्षांवरील रुग्णांवर झालेल्या, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही उपचारांनी मृत्यू कमी झाल्याचे दिसले. अशक्त, वारंवार पडणाऱ्या वृद्धांना मात्र कमी मात्रेपासून सुरुवात करून आणि उभ्याने रक्तदाब पाहूनच पुढे जावे.

आकडा उतरत नसेल तर

तीन औषधे पुरेशा मात्रेत, त्यांत एक लघवी वाढवणारे, घेऊनही रक्तदाब उतरत नसेल तर चौथे औषध जोडण्यापूर्वी मागे वळून पाहावे. पट्टा योग्य मापाचा आहे का, घरच्या नोंदी काय सांगतात, गोळ्या खरोखर रोज घेतल्या जातात का, मीठ किती जाते, वेदनाशामक चालू आहेत का? रुग्णाला ओशाळवाणे वाटणार नाही अशा रीतीने गोळ्यांविषयी विचारणे फार महत्त्वाचे आहे. ‘गोळ्या नियमित घेता ना?’ या प्रश्नाला होकारच मिळतो, तर ‘गेल्या आठवड्यात किती वेळा राहून गेली?’ असे विचारले की खरे उत्तर येते. माझ्या वडिलांना असे कोणी विचारले असते, आणि कोणी म्हणजे मीच, तर पुढचे बरेच टळले असते. हे सगळे तपासूनही आकडा चढाच राहिला तर अल्डोस्टेरॉनची तपासणी करून घ्यावी. चौथे औषध म्हणून बहुधा स्पायरोनोलॅक्टोन निवडतात, आणि ते चालू असताना पोटॅशियमवर लक्ष ठेवावे लागते.

पुढची वर्षे

औषध सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर आकडा लक्ष्यात येईपर्यंत दर महिन्याला, आणि नंतर दर तीन ते सहा महिन्यांनी भेट घ्यावी. ‘प्रिल’, ‘सार्टन’ किंवा लघवी वाढवणारे औषध सुरू झाल्यावर दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पाहावे. क्रिएटिनिनमधील ३० टक्क्यांपर्यंतची वाढ बहुधा स्वीकारार्ह असते आणि तेवढ्यावरून औषध थांबवायचे नसते. जुलाब किंवा उलट्यांनी शरीरातील पाणी कमी झाले असेल, तर हीच औषधे एक-दोन दिवस थांबवावी लागू शकतात. अशा वेळी काय करायचे, हे आजारी पडण्यापूर्वीच डॉक्टरांकडून लिहून घेतलेले बरे.

रोज दहा वेळा रक्तदाब मोजण्याची गरज नसते. त्याने काळजी वाढते आणि काळजीने आकडा. रक्तदाब स्थिर असेल तर प्रत्येक भेटीच्या आधीचा एक आठवडा वर सांगितलेल्या पद्धतीने नोंदी घेऊन ती वही सोबत न्यावी. वजन बरेच घटले, मीठ कमी झाले आणि अनेक महिने आकडा लक्ष्याच्या बराच खाली राहिला, तर मात्रा कमी करता येते, पण ती एका वेळी एकाच औषधाची, डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि घरच्या नोंदी चालू ठेवून. वर्षातून एकदा आपले यंत्रही दवाखान्यात न्यावे, एकाच दंडावर आळीपाळीने दोन्ही यंत्रांनी मोजावे, आणि फरक सातत्याने पाच मिलिमीटरहून अधिक येत असेल तर आधी पट्टा आणि नळी तपासून, गरज पडल्यास यंत्र बदलावे.